धोंडस का बसतं? तवशातलं पाणी आणि रव्याची तहान

लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात मी धोंडस करायला घेतलं आणि सगळ्या घरासमोर फजिती करून घेतली. वहीत मापं नीट उतरवलेली होती: दोन वाट्या काकडीचा कीस, एक वाटी तांदळाचा जाडा रवा, पाऊण वाटी गूळ. वाटीही एकच वापरली. पाऊण तासाने झाकण उचललं तर कडा करपलेल्या आणि मध्ये खळ. दुसऱ्या दिवशी जास्तीचं शहाणपण केलं. कीस कचकचून पिळला, पाणी मोरीत ओतलं, बाकी सगळं तेच. या वेळी जे निघालं ते कापायला कोयताच हवा होता. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी त्याचे तुकडे करून म्हशीपुढे टाकले. म्हशीने मात्र आवडीने खाल्लं, तेवढंच समाधान.

ज्यांनी धोंडस खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी: पावसाळ्यात वेलावर जून झालेली मोठी काकडी, म्हणजे तवसं, किसायचं, त्याच्याच पाण्यात रवा आणि गूळ शिजवायचा आणि मिश्रण टोपात घालून खालून-वरून निखाऱ्यांवर भाजायचं. कोकणातला हा केकच, पण त्यात अंडं नाही, मैदा नाही, सोडा नाही, वरून घातलेलं दूध-पाणीही नाही. सगळा ओलावा काकडीचा. म्हणूनच पाण्याचं गणित समजून घ्यायला याच्याइतका चांगला पदार्थ नाही. हे गणित एकदा डोक्यात बसलं की उकडीचे मोदक का चिरतात, आंब्याचा केक मध्येच का खचतो, खिरीत तांदूळ टणक का राहतो, या सगळ्याचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

माझी मापं ठीक होती. घोळ काकडीचा होता. मी दुकानातून आणलेल्या बोटभर जाडीच्या, हिरव्यागार, कोवळ्या काकड्या किसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात कुडाळच्या बाजारात भाजीवाल्या मावशींकडे तशाच कोवळ्या उचलायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "धोंडसाक ह्यां जून बरां गे बाय. कोवळां न्हेलंस तर पाणीच पाणी." आणि हातभर लांब, पिवळसर, जाड सालीचं एक धूड माझ्या पिशवीत कोंबलं.

काकडीत शंभरातले जवळजवळ 95 भाग पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो कीस घेतला तर त्यात पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी. पण हे पाणी तांब्यात भरल्यासारखं मोकळं नसतं, बारीक बारीक पेशींमध्ये कोंडलेलं असतं. किसणीने काही पेशी फुटतात आणि तेवढं लगेच गळतं. उरलेलं बाहेर येतं ते गूळ किंवा मीठ लागलं की. पेशीच्या बाहेर गोडाचा किंवा मिठाचा दाट पाक आणि आत पातळ रस, अशी स्थिती झाली की आतलं पाणी पडद्यातून बाहेर खेचलं जातं. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर ती पाण्यात पोहते ती यामुळेच, आणि मिठात घातलेल्या बांगड्यातून पाणी निथळतं तेही यामुळेच. कीस पिळून "पाणी काढलं" असं वाटतं, पण गूळ घातल्यावर दहा मिनिटांनी परात तिरकी करून बघा, कडेला पुन्हा तळं साचलेलं असतं.

मग जून तवशाने फरक काय पडतो? त्याचा गर घट्ट असतो, आणि मुख्य म्हणजे मधला बियांचा गिळगिळीत गाभा आपण काढून टाकतो. सगळ्यात पाणचट भाग तोच. कोवळी काकडी गाभ्यासकटच किसली जाते. वहीतल्या "दोन वाट्या कीस" या दोन्हींत एकच वस्तू मोजत नाहीत. म्हणून मी आता किसाची वाटी मोजतच नाही. कीस पिळते, पाणी वेगळं ठेवते आणि ते पाणी मोजते. एक वाटी जाड्या तांदळाच्या रव्याला सव्वा वाटी पाणी आणि एक वाटी पिळलेला कीस, हे माझ्या घरी जमलेलं माप. पाणी कमी निघालं तर पातळसर नारळाच्या दुधाने भर घालायची. जास्त निघालं तर उरलेलं पिऊन टाकायचं, मोरीत ओतायचं नाही.

आता रव्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे.

तांदूळ काय, गहू काय, दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो, आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या घट्ट कणांच्या रूपात साठवलेला असतो. थंड पाण्यात हे कण जेमतेम स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पितात आणि गप्प बसतात. म्हणून तांदळाचं पीठ थंड पाण्यात कालवलं की थोड्या वेळाने खाली साका बसतो आणि वर पाणी तरंगतं. घावण्याचं पीठ दर घावणाला ढवळावं लागतं ते त्यासाठीच. पण हेच मिश्रण तापायला लागलं की साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कणांची घट्ट घडी उकलते. ते कितीतरी पट फुगतात, आजूबाजूचं पाणी ओढून घेतात, आणि पांढरं दुधाळ पाणी बघता बघता दाट, चकचकीत खळ होतं. पेजेवर येणारी दाट निवळ तीच. लग्नाच्या आमंत्रणाची पाकिटं आपण ज्या खळीने चिकटवायचो तीही तीच.

थोडक्यात, रव्याला तहान आहे, पण ती ऊन लागल्यावरच जागी होते. आणि पुरेसं पाणी मिळालं तरच भागते. पाणी कमी पडलं तर कण अर्धवट फुगून कोरडे राहतात आणि माझं दुसऱ्या दिवशीचं म्हशीचं खाद्य तयार होतं. पाणी फार झालं तर कण फुगतात खरे, पण एकमेकांना धरण्याइतके जवळ राहत नाहीत, आणि पहिल्या दिवसाची खळ होते.

गव्हाला आणखी एक आधार असतो, तो ग्लूटेनचा. मैद्यात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखी जाळी तयार करतात. पावाचं पीठ ताणलं जातं, पोळी लाटता येते, ती या जाळीमुळे. तांदळात ही जाळी होतच नाही. मग कोकणातल्या बायकांनी तांदळाला आकार दिला कसा? उकड काढून. उकळत्या पाण्यात पिठी टाकायची, झाकण ठेवायचं, वाफ जिरू द्यायची. काही कण फुगून खळ होतात आणि तीच खळ उरलेल्या पिठाला डिंकासारखी धरून ठेवते. मोदकाच्या पारीला पाकळ्या पडतात त्या या डिंकाच्या जोरावर. उकडीला पाणी पुरेसं तापलेलं नसलं, किंवा पिठी टाकल्यावर लगेच गॅसवरून उतरवली, तर डिंक कमी पडतो आणि पाकळी मुडपताना चीर जाते. वरून तेल-पाण्याचा हात कितीही लावला तरी ती चीर सांधत नाही. उकड पुन्हा पाच मिनिटं वाफेवर ठेवावी आणि गरम असतानाच मळावी, हा त्यावरचा खरा उपाय. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या वाफाळत्या शेवया, तर याचं पुढचं टोक: उकडीचे गोळे पुन्हा पाण्यात शिजवायचे आणि गरम गरम साच्यातून दाबायचे. गोळा निवला की दांडा दाबणाऱ्याचा घाम निघतो. निवताना तो का घट्ट होतो ते पुढे सांगते.

आपल्याकडचा उकडा तांदूळ म्हणजे हीच युक्ती टरफलासकट केलेली. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. स्टार्च दाण्यातच एकदा फुगून पुन्हा घट्ट बसलेला असतो, त्यामुळे पेजेत तो दाणा लवकर फुटत नाही. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो आणि मोकळा राहतो हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. दिवाळीनंतर नवा तांदूळ घरात आला की पहिले चार दिवस भात गिजगोळा होतोच, मग हात आपोआप पाणी कमी घालायला शिकतो. रव्यालाही तोच नियम लावा. नव्या तांदळाच्या कण्या काढल्या असतील तर पाणी पाव वाटी कमीच ठेवा.

गूळ दिसतो घट्ट, वागतो पातळ

पुरण शिजवताना डाळ घट्ट घोटलेली असते, गूळ पडला की एकदम सैल होते. विरघळलेला गूळ स्वतःच पातळ पदार्थ होतो, आणि धोंडसातही तो मिश्रण सैल करतो. त्यामुळे गूळ घालण्याआधी "बरोबर" वाटणारं मिश्रण नंतर पातळ दिसतं. घाबरून मूठभर रवा ओतू नका.

पण गुळाचा दुसरा गुण जास्त महत्त्वाचा आहे. साखर आणि गूळ दोघेही पाण्याला घट्ट पकडून ठेवतात. पाकात स्टार्चच्या वाट्याला पाणी कमी येतं आणि कण फुगण्याचं तापमान वर सरकतं. आमच्याकडे खिरीत तांदूळ बोटाने चेपला गेल्याशिवाय गुळाला हात लावू देत नाहीत. मला ती सासूबाईंची शिस्त वाटायची. त्यामागे रसायन आहे: गोड पाण्यात तांदूळ मऊ व्हायला फार वेळ घेतो. म्हणून धोंडसात मी आधी रवा तुपावर मंद भाजते. तुपाचा पातळ थर बसल्याने गुठळ्या होत नाहीत. मग काकडीचं पाणी आणि कीस उकळून त्यात रवा सोडते, झाकण ठेवून वाफ काढते, आणि रवा फुगल्यावर गूळ. बऱ्याच घरांत गूळ पाण्यातच विरघळवतात आणि मग मिश्रण जास्त वेळ शिजवतात. तेही चालतं, फक्त घाई करायची नाही. गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ पडल्यावर पातेल्याच्या तळाशी उलथण्याने रेघ ओढावी. रेघ लगेच मिटली तर मिश्रण अजून शिजवा. अजिबात मिटली नाही तर दोन पळ्या नारळाचं दूध घाला. हळूहळू मिटली की भाजायला टाकायचं. सासूबाई वाटी कधी घेतच नाहीत, त्या ही रेघ बघतात.

खोबऱ्याचंही पाणी धरायला विसरू नका. ओल्या नारळाच्या खोबऱ्यात निम्म्याच्या जवळपास पाणी आणि साधारण तिसरा हिस्सा तेल असतं. त्या तेलाने धोंडस मऊ राहतं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे थेंब, आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम प्रथिनं करतात. खळखळून उकळलं की ती प्रथिनं साथ सोडतात, दूध फाटतं. म्हणून ते शेवटी आणि मंद आचेवर.

भट्टीत 180, पिठात 100

ओव्हनवर 180 आकडा लावला म्हणजे केक 180 अंशांवर भाजला जातो असं वाटतं. तसं होत नाही. मिश्रणात पाणी आहे तोवर आतलं तापमान 100 अंशांच्या वर चढत नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. फक्त वरची आणि कडेची पापडी कोरडी पडते, तिचं तापमान 140 अंशांच्या पुढे जातं, आणि तिथे तो लालसर रंग आणि खमंग वास तयार होतो. पाणचट मिश्रणाला आच वाढवून आवरता येत नाही ते यामुळे. आत अजून 100 अंशांवर वाफच चाललेली असते आणि कडा तोवर कोळसा झालेल्या असतात. माझ्या पहिल्या धोंडसाची हीच गत झाली.

निखाऱ्यांची जुनी पद्धत या दृष्टीने फार हुशार आहे. खाली मंद निखारे, झाकणावर जरा जास्त, करवंट्यांचे असतील तर उत्तम. वरून येणारी धग पृष्ठभाग सुकवून लाल करते, खालची धग सावकाश आत शिजवते. गॅसवर वरून धग मिळत नाही, त्यामुळे वरचा भाग फिकट आणि ओलसर राहतो. मी टोपाखाली जाड तवा ठेवते, आच अगदी बारीक, आणि शेवटच्या पाच मिनिटांत वरच्या बाजूला तूप सोडून धोंडस तव्यावर उलटं करते. ओव्हन असेल तर 180 अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं, थर दोन बोटांपेक्षा जाड नको.

सोड्याबद्दल कोणीतरी विचारणारच. खाण्याचा सोडा आंबट पदार्थाशी भेटला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि गूळ किंचित आंबट असतो, त्यामुळे चिमूटभर सोड्याने धोंडस थोडं हलकं होतं. माझं मत विचाराल तर नको. धोंडस हलकं असण्यात काही मजा नाही. आणि सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, शिवाय मिश्रणात हळद असेल तर लाल डाग उठतात.

झालं की लगेच कापू नका. इथे ते शिरवाळ्याच्या निवलेल्या गोळ्याचं उत्तर आहे. गरम असताना फुगलेल्या स्टार्चमधले लांब धागे सैल तरंगत असतात. निवताना ते पुन्हा एकमेकांशेजारी येऊन बसतात आणि पदार्थ आवळला जातो. गरम धोंडस सुरीला चिकटतं, पूर्ण निवलेल्याची वडी सुबक पडते. हाच आवळण्याचा प्रकार पुढे चालू राहिला की सकाळची भाकरी संध्याकाळी कडक होते, आणि पाव शिळा होतो. पाव पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, नावासकट, पण त्याला फ्रीजमध्ये कोंबायची सवय आपली. फ्रीजच्या थंडीत हे धागे सर्वात वेगाने आवळतात. बाहेर दोन दिवस बरा राहणारा पाव फ्रीजमध्ये एका रात्रीत वातड होतो. ठेवायचाच तर थेट फ्रीजरमध्ये, आणि खाताना वाफ द्यावी म्हणजे धागे पुन्हा सैलावतात. धोंडसालाही वाफच. मात्र कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि श्रावण-भाद्रपदात भिंतीसुद्धा घामेजतात. गूळ हवेतलं पाणी ओढतो, बुरशीला निमंत्रण मिळतं. दोन दिवसांत संपवा, उरलं तर फ्रीज आणि मग वाफ.

हेच गणित वर्षभर फिरवता येतं. वैशाखात सांदण, म्हणजे फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या वड्या, करताना मऊ गऱ्यांचा बरका फणस घ्या, त्याचा रस आपसूक निघतो आणि कण्या त्याच रसात भिजतात. कापा फणस आणलात तर गरे वाटावे लागतील आणि नारळाचं दूध वरून घालावं लागेल. हापूसच्या रसात शंभरातले ऐंशीहून जास्त भाग पाणी असतं. मैद्याच्या केकमध्ये दूध आहे तेवढंच ठेवून वर वाटीभर रस ओतला की केक फुगतो आणि मध्ये खचतो, कारण ओलं पीठ वाफेच्या जोरावर वर येतं पण स्वतःला धरून ठेवू शकत नाही. एक वाटी रस घातला तर पाऊण वाटी दूध कमी करा, किंवा रस आधी मंद आचेवर निम्मा आटवा. मिश्रण फेटत बसू नका, मैद्याची जाळी ताणली गेली की केक रबरासारखा होतो. रव्याच्या केकला ही भीती कमी.

आणि तवशाची गोष्ट भाद्रपदात संपत नाही. आमच्या पडवीत दोन-तीन जून तवशी केळीच्या सोपटात बांधून आढ्याला टांगलेली असतात. ती महिना-महिना टिकतात, पण दर आठवड्याला थोडी हलकी होत जातात. दिवाळीनंतर त्यातलं एक उतरवून धोंडस केलं तर कीस पिळून सव्वा वाटी पाणी कधीच निघत नाही, फार तर वाटीभर. तेव्हा नारळ एक जास्त फोडायचा.